खोक्यात काय भरू नये



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी जुनी म्हण आहे. ती ज्याने केली त्याने घर कधी हलवले नसावे. नाहीतर तिसरी गोष्ट त्याने म्हणीत नक्की घातली असती.

आपल्या वस्त्यांत सध्या जिकडे तिकडे बांधाबांध चालू आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या वाढल्या, ती माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. नायगावला, ना. म. जोशी मार्गावर कुणी संक्रमण शिबिरात, कुणी भाड्याच्या घरात जाऊन आपली पाळी येण्याची वाट पाहिली. पुनर्विकासाची गोष्ट सोडली तरी अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की बिऱ्हाड पाठीवर घेणारी कुटुंबे कल्याण-अंबरनाथपासून पुण्या-नागपूरपर्यंत हजारोंनी आहेत.

अशाच एका भगिनीने आम्हांला विचारले, "सामान हलवणाऱ्या कंपनीने जो आकडा सांगितला तो ह्यांच्या पगाराएवढा आहे. नुसत्या खोक्यांचे पैसे निराळे. आपले आपण घर हलवता येणार नाही का?"

का नाही येणार? आपल्या आया-आज्या गावाहून मुंबईला आल्या त्या एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि डोक्यावर पाटा-वरवंटा घेऊन. तेव्हा कुठली कंपनी होती? एका-दोन खोल्यांचे घर घरच्या माणसांना आणि चार शेजाऱ्यांना सहज हलवता येते. खोकीही जवळजवळ फुकट मिळतात. मात्र त्यासाठी पंधरा दिवस आधी कामाला लागले पाहिजे. आदल्या रात्री बांधाबांध करणाऱ्याचे पैसे वाचतात, पण वस्तू जातात. आणि कधी कधी अशी वस्तू जाते की ती कुठल्याच बाजारात पुन्हा विकत मिळत नाही.

बाबासाहेबांच्या पेट्या

ह्या बाबतीत आपल्याला बाबासाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग आठवला पाहिजे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पहिले महायुद्ध पेटलेले होते. बाबासाहेब स्वतः एका बोटीने आले आणि त्यांचे सामान व ग्रंथ दुसऱ्या बोटीने निघाले. ती दुसरी बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. थॉमस कुक कंपनीकडून नुकसानभरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. पैसे मिळाले, पण ग्रंथ काही परत आले नाहीत.

पुढे बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीतून दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहात राहायला गेले. ते घर त्यांनी बांधले तेच मुळी ग्रंथांना जागा हवी म्हणून. ज्या माणसाची पुस्तके एकदा बुडाली त्याने पुस्तकांसाठी घर बांधावे, ह्यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. घर हलवताना कोणती वस्तू महाग आहे हे न पाहता कोणती वस्तू पुन्हा मिळणार नाही हे पाहावे. फ्रीज दुसरा घेता येतो. आजोबांचा शाळेचा दाखला दुसरा सहजी मिळत नाही. त्याचे पुढे सांगूच.

आधी वही, मग खोकी

पंधरा दिवस आधी मुलांची एक जुनी वही घ्या. पानावर तीन रकाने आखा : न्यायचे, द्यायचे, टाकायचे. मग रोज संध्याकाळी घरातला एकच कोपरा घ्या. आज माळा, उद्या पलंगाखालचे, परवा कपाट. माळ्यावर दहा वर्षे पडलेला बंद पंखा, कान तुटलेल्या कढया, मुलाचे पहिलीतले बूट, हे सगळे नव्या घरात नेण्यासाठी टेम्पोचे भाडे भरायचे काय? ज्याचा उपयोग होईल ते शेजारच्या गरजू घराला द्यावे, उरलेले भंगारात घालावे. मात्र भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी प्रत्येक ट्रंक, प्रत्येक डबा, प्रत्येक पुस्तक झटकून पाहावे. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, निम्मी खोकी घरातच आहेत. आधी ती मोजा. पत्र्याची ट्रंक, सुटकेस, बादल्या, पाण्याचे ड्रम, धान्याची कोठी, हंडा-कळशी, मोठी पातेली, मुलांची दप्तरे. ड्रममध्ये अंथरूण-पांघरूण बसते. पातेल्यात पातेले आणि त्यात वाट्या-चमचे बसतात. कपडे जुन्या साडीत किंवा चादरीत बांधून गाठोडी करावीत. गाठोड्यासारखे स्वस्त खोके जगात नाही, आणि टेम्पोत ते कपाटाला आणि फ्रीजला उशीसारखे टेकवता येते. एवढे केल्यावर एका खोलीच्या बिऱ्हाडाला आमच्या अनुभवाने वीस-पंचवीस खोकी पुरतात.

खोकी कुठे मिळतात

खोके मागायची लाज वाटता कामा नये. दुकानदाराला ते रद्दीच्याच भावाने विकायचे असते. आपण दोन दिवस आधी सांगून ठेवले आणि माल उतरतो त्या वेळी हजर राहिलो, तर तो सहसा नाही म्हणत नाही. दुकानाच्या वर्दळीच्या वेळी जाऊन हटून बसू नये. कोणते खोके कशाला चांगले ते असे :

औषधाच्या दुकानातली खोकी लहान, कोरडी आणि मजबूत असतात. पुस्तके, मिक्सर, काचेचे सामान त्यांत ठेवावे.

झेरॉक्सवाल्याकडे कागदाच्या रिमांची खोकी मिळतात. ती वजन पेलण्यासाठीच केलेली असतात. मुलांची पुस्तके, बाबासाहेबांचे खंड आणि घरातले इतर ग्रंथ ह्यांना ह्यांच्याइतके चांगले खोके नाही.

किराणा दुकानातली बिस्किटांची खोकी मोठी असली तरी पातळ असतात. कपडे, खेळणी, प्लास्टिकचे डबे एवढेच त्यांत भरावे. साबणाच्या खोक्यात धान्य किंवा पीठ ठेवू नये, वास लागतो. तेलाच्या पिशव्यांचे खोके तळाला हात लावून पाहूनच घ्यावे. तळ तेलकट असेल तर ते वाटेत फुटणार हे ठरलेले.

फळवाल्याकडे सफरचंदाची खोकी मिळतात. मुंबईत महात्मा जोतिबा फुले मंडईत, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटात, किंवा आपल्या जवळच्या कुठल्याही फळबाजारात पाहावे. ती भक्कम असतात, पण बाजूला भोके असतात. भांड्यांना चालतात, कपड्यांना नाही. तळ ओलसर असेल तर उन्हात वाळवून घ्यावीत. अंडीवाल्याकडून चार रिकामे ट्रे आणले तर खोक्यात कपांच्या थरामध्ये घालायला उपयोगी पडतात.

कपड्यांच्या दुकानातली खोकी मोठी आणि स्वच्छ असतात. हलके सामान, उशा, साड्या ह्यांना ती उत्तम.

कुठेच जमले नाही तर रद्दीवाल्याकडे जावे. तो खोकी किलोवर विकत घेतो. त्याच्या खरेदीपेक्षा थोडे जास्त दिले की निवडून देतो. कंपनीकडून नवे खोके घेण्यापेक्षा ते पुष्कळच स्वस्त पडते.

आता एका भाऊंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. दारूच्या दुकानातली खोकी चालतील काय? त्यांत बाटल्यांसाठी पुठ्ठ्याचे कप्पे असतात आणि काचेचे ग्लास त्यांत छान बसतात हे खरे. आमचे म्हणणे असे की पंचशील पाळायचे आहे ते आपल्याला, खोक्याला नाही. खोके आणायला हरकत नाही. पण आणायला घरच्या बाईने किंवा मुलाने जावे. ज्यांचे पाऊल त्या दुकानापाशी अडखळते त्यांना पाठवू नये, म्हणजे रिकामे खोके भरून येणार नाही!

आपल्यातले कितीतरी बंधू-भगिनी मॉलमध्ये, इस्पितळात, गोदामात, कुरियरच्या कचेरीत राबतात. तिथे रोज ढिगाने खोकी निघतात. ती आणायला हरकत नाही, पण आधी मुकादमाला किंवा सुपरवायझरला विचारावे. न दिलेले घेऊ नये हेही शीलच आहे. शिवाय एका पुठ्ठ्यापायी गेटवर कुणी आपल्या माणसाला थांबवून झडती घ्यावी, हे आम्हांला मुळीच सहन होणार नाही.

आणलेले प्रत्येक खोके उलटे करून झटकावे. झुरळे आणि त्यांची अंडी पुठ्ठ्याच्या घडीत असतात. नव्या घरात पहिला पाहुणा म्हणून झुरळ नको.

भरण्याची रीत

खोक्याच्या तळाच्या पाकळ्या एकमेकींत अडकवून भागत नाही. दोन इंची खाकी टेप तळाला एकदा लांबीने आणि दोनदा रुंदीने लावावी. जड खोक्याला वरून सुतळीचा चौफेर वेढा द्यावा. उचलायला मूठही होते.

जड वस्तू लहान खोक्यात आणि हलकी वस्तू मोठ्या खोक्यात, हा नियम मोडू नये. मोठ्या खोक्यात पुस्तके भरली तर ते खोके दोघांनाही उचलत नाही, आणि तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात तळ सुटतो. घरातली मोठी बाई एकटी उचलू शकेल एवढेच, म्हणजे पंधरा किलोच्या आतबाहेर वजन भरावे.

कपबशा आणि ग्लास घरातल्याच कपड्यांत गुंडाळावेत. टॉवेल, पोरांचे बनियन, पायमोजे, सगळे कामाला येते. ताटल्या आडव्या रचू नयेत, पुस्तकासारख्या उभ्या लावाव्यात, कमी फुटतात. खोके हलवून पाहावे. आतून आवाज आला तर मोकळ्या जागेत कपडा कोंबावा.

वर्तमानपत्रात गुंडाळायचे असेल तर पान पाहून घ्यावे. शाई पांढऱ्या कपड्याला लागते हे एक. दुसरे म्हणजे ज्या पानावर भगवान बुद्धांचे किंवा बाबासाहेबांचे चित्र आहे ते पान तव्याभोवती गुंडाळले जाऊ नये. आपल्या आया ही काळजी न सांगता घेत आल्या आहेत. मुलांना ती सांगावी लागेल.

खोक्यावर नुसते "सामान" असे लिहून उपयोग नाही. क्रमांक घाला आणि वहीत त्या क्रमांकापुढे आत काय आहे ते लिहा. वर नव्या घरातली जागा लिहा : स्वयंपाकघर, कपाट, माळा. क्रमांक वर न घालता बाजूला घालावा, कारण खोक्यावर खोके चढले की वरचे दिसत नाही. हे काम शाळेतल्या मुलाकडे द्या. त्याचे अक्षरही सुधारते आणि आपणही घरच्या कामाला लागलो ह्याचा त्याला अभिमान वाटतो.

जी पिशवी टेम्पोत चढत नाही

आता मुख्य गोष्ट. आमच्या ओळखीतल्या एका घराने काही वर्षांपूर्वी जागा बदलली. आजोबा वारले होते. त्यांची पत्र्याची ट्रंक पलंगाखाली होती, गंजलेली, कडी तुटलेली. टेम्पो खाली उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे, आणि भंगारवालाही नेमका दारात. घरधन्यांनी ट्रंक उघडली. वर वाळवीने खाल्लेली कागदांची पुडकी. बायको म्हणाली, "अहो, अण्णांची आहे ती, जरा बघून घ्या की." ते म्हणाले, "कागदच आहेत गं जुने. कोण बघत बसणार आता?" ट्रंक कागदांसकट गेली.

काही वर्षांनी त्यांच्या मुलीने बारावीनंतर अभियांत्रिकीसाठी अर्ज केला. जात पडताळणी समितीपुढे जात वैधतेसाठी वडिलांचे आणि आजोबांचे जुने पुरावे मागितले गेले. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची धरली जाते. त्या तारखेच्या आधीचा, जात आणि राहण्याचे ठिकाण सांगणारा कागद घरात होता. आजोबा त्याआधी गावच्या शाळेत चार इयत्ता शिकले होते आणि त्यांचा दाखला त्याच ट्रंकेत होता. खुल्या जागेची फी झेपणारी नव्हती. मुलीचे वर्ष गेले. बापाने रजा टाकून गावी तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठे शाळेच्या जनरल रजिस्टरात आजोबांचे नाव सापडले आणि त्याचा उतारा मिळाला. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजात गेली. पण बापाच्या तोंडचे वाक्य आम्ही विसरलो नाही : "टेम्पोवाल्याच्या अर्ध्या तासासाठी पोरीचं वर्ष घालवलं."

वाचकहो, आपल्या घरात सोने फारसे नसते. आपले सोने म्हणजे हे कागद. चार इयत्तांचा एक दाखला मिळवण्यासाठी आपल्या आजोबांनी वर्गाबाहेर बसून धडे ऐकले असतील. तो कागद पिवळा पडला म्हणून स्वस्त होत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी, एकही खोके भरण्याआधी, झिप असलेली एक मजबूत पिशवी घ्या आणि तिच्यात हे ठेवा : आजोबा, वडील, आत्या-काका आणि मुले ह्यांचे शाळा सोडल्याचे दाखले. जन्ममृत्यूचे उतारे. जातीचे दाखले आणि घरात कुणाला मिळालेली वैधता प्रमाणपत्रे. धम्मदीक्षेचा आणि विवाहाचा दाखला. गावच्या जमिनीचे किंवा घराचे जुने उतारे. जुन्या भाडेपावत्या, चाळीच्या खोलीची कागदपत्रे, जुनी शिधापत्रिका. गिरणीतले, रेल्वेतले, पालिकेतले नोकरीचे कागद, पेन्शनचे पुस्तक. मुलांच्या गुणपत्रिका, बँकेची पासबुके, विम्याचे कागद, डॉक्टरांच्या फायली. सगळ्यांच्या झेरॉक्सचा एक संच वेगळा करून नात्यातल्या एका घरी ठेवा. मोबाइलवर प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. जे डिजिलॉकरमध्ये ठेवता येते ते ठेवा. पण फोटो काढला म्हणून मूळ कागद टाकू नका.

ही पिशवी टेम्पोत चढवायची नाही. घरातल्या एका माणसाच्या खांद्यावर ती सकाळपासून रात्रीपर्यंत राहील. तो माणूस कोण हे आदल्या दिवशी ठरवा. त्याने त्या दिवशी दुसरे ओझे उचलायचे नाही. त्याच पिशवीत दागिना असेल तो, रोख पैसे, रोजची औषधे आणि दोन्ही घरांच्या किल्ल्या ठेवाव्यात.

टेम्पो, माणसे आणि मजुरी

आपण मुहूर्त पाहत नाही, हे आपल्या फायद्याचे आहे. ज्या दिवशी लोकांचा मुहूर्त त्या दिवशी टेम्पोचे भाडे चढते. महिन्याची अखेर आणि एक तारीख टाळावी, कारण त्याच वेळी सगळे भाडेकरू हलतात. मुलांच्या परीक्षा नाहीत, पाऊस नाही आणि मदतीला येणाऱ्यांना सुट्टी आहे, असा दिवस हाच आपला मुहूर्त. पावसाळ्यातच जावे लागले तर प्लास्टिकची मोठी ताडपत्री आणि पुस्तकांच्या खोक्यांना आतून प्लास्टिकची पिशवी, हे विसरू नये.

एका खोलीच्या घराला "छोटा हत्ती" म्हणतात तो टेम्पो पुरतो. त्याचा मागचा भाग साधारण सात फूट लांब असतो. आधी कपाट आणि पलंग टेपने मोजा, म्हणजे एक खेप की दोन हे कळेल. टेम्पोवाल्याशी भाडे, खेपा, थांबण्याचा वेळ, टोल असल्यास तो कुणाचा, हे सगळे आधी बोलून घ्यावे. नव्या इमारतीत लिफ्टमधून सामान नेता येते काय, आणि कोणत्या वेळेत, ते सोसायटीला आधी विचारावे.

कपाट किंवा फ्रीज उचलण्यासाठी दोन हमाल लावावे लागले तर मजुरी आधी ठरवावी आणि ठरलेली पूर्ण द्यावी. जिने मोजून सांगावेत. तिसरा मजला सांगून पाचव्या मजल्यावर चढवू नये. घासाघीस भंगारवाल्याशी करा, घाम गाळणाऱ्याशी नको. आपणही कुणाच्या तरी दारात मजूर म्हणून उभे राहिलेली माणसे आहोत.

फ्रीज आदल्या रात्री बंद करून पुसून ठेवावा, उभाच न्यावा, आणि नव्या घरात पोचल्यावर काही तास थांबून मगच चालू करावा. गॅसचा सिलिंडर आडवा ठेवू नये, झाकण लावून उभा बांधावा. गावातल्या गावात घर बदलले तर वितरकाकडे पत्ता बदलून घेता येतो. परगावी जायचे असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे जमा करून ट्रान्स्फरचा कागद घ्यावा आणि नव्या गावी तो दाखवून कनेक्शन घ्यावे.

निघताना जुन्या घराच्या वीजमीटरचा आकडा लिहून त्याचा फोटो काढावा. नव्या घराचाही काढावा. भाड्याने जात असाल तर करार नोंदणी केलेलाच हवा असा आग्रह धरावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तोच करार पुढे तुमच्या पत्त्याचा पुरावा होतो.

शेवटी उतरते ते पहिले चढते

भाड्याचे घर शोधताना आजही आडनाव विचारले जाते, आणि आडनावावरून कळले नाही तर "तुम्ही कोण?" असे विचारले जाते, हे आपण सारे जाणतो. १९१७ सालीच बडोद्याला बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नावाने राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली. कमाठी बागेत बसून दिवस काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. "वेटिंग फॉर अ व्हिसा" ह्या आपल्या लेखनात त्यांनी हे स्वतः सांगितले आहे.

ह्यामुळेच काही घरांत बाबासाहेबांची तसबीर सर्वांत खालच्या खोक्यात जाते. नव्या शेजाऱ्यांना आधी कळू नये म्हणून. त्या घरांना आम्ही दोष देत नाही. लहान लेकरे घेऊन वणवण केलेल्या माणसाची भीती आम्हांला ठाऊक आहे. पण मुले पाहत असतात. कोणती वस्तू आईने लपवली हे ती आयुष्यभर विसरत नाहीत. म्हणून आमची विनंती एवढीच की तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर खोक्यात भरू नका. स्वच्छ कापडात गुंडाळून घरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्या. जुन्या घरातून ती सर्वांत शेवटी उतरेल आणि नव्या घरात सर्वांत आधी चढेल. खिळा, हातोडी, मेणबत्ती आणि अगरबत्ती त्या मुलाच्या दप्तरात ठेवा. खोकी उघडण्याआधी सगळ्यांनी मिळून वंदना, त्रिसरण-पंचशील घ्यावे. तेच आपले गृहप्रवेशाचे विधी. लिंबू-मिरची नाही, नारळ नाही. मग पहिला चहा, आणि मदतीला आलेल्या सगळ्यांना पोटभर जेवण.

त्या आठवड्यातच पत्ते बदलण्याचे काम उरकून टाकावे. शिधापत्रिका, आधार, बँक, शाळा. आणि मतदार यादी! तिच्यासाठी नमुना ८ भरायचा. मतदारसंघ तोच असो की दुसरा, अर्ज हाच. वस्ती हलली की आपली मते विखुरतात आणि यादीतून नावे गळतात. घर बदलल्याचा आनंद जरूर करा, पण आपले मत जुन्या चाळीच्या ढिगाऱ्याखाली ठेवून येऊ नका.

सामान लागले की खोकी फेकू नका. टेप काढून, चपटी करून, गठ्ठा बांधून आपल्या विहारात किंवा महिला मंडळाकडे द्या. प्रत्येक विहाराने कोरड्या जागी, जमिनीपासून वर, असा खोक्यांचा एक गठ्ठा ठेवला तर पुढच्या कुटुंबाला दारोदार फिरावे लागणार नाही. चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या घराने दिलेले खोके भाड्याच्या खोलीतून भाड्याच्या खोलीत जाणाऱ्या घराच्या कामी यावे, एवढे तर आपण करू शकतो.

आणि आज रात्री, घर हलवायचे नसले तरी, पलंगाखालची ती जुनी ट्रंक एकदा उघडून पाहा.

नमो बुद्धाय! जयभीम!